लोकवाणीचे कवि एकनाथ

आपल्याच मराठवाड्यांत, गोदावरीच्या तीरीं पैठण क्षेत्रीं, सोळाव्या शतकांत एकनाथांचा जन्म झाला. मातापित्यांचें छत्र बालपणींच हरपलें. आजोबांनीं त्यांस वाढविलें. पुढें देवगिरीस जनार्दनस्वामींपाशीं राहून त्यांनीं विद्या संपादन केली.

त्या काळीं शास्त्रज्ञान बहुतांशीं संस्कृत ग्रंथांत कोंडलेलें होतें. नांगर धरणाऱ्यास व जात्यावर बसणारीस तें कोणीं सांगावें? नाथांनीं तें मराठींत आणिलें. पंडितांस तें रुचलें नाहीं. खुद्द पुत्र हरिपंडित याच मतभेदामुळें काशीस निघून गेला, असें परंपरा सांगते. तरी नाथ ढळले नाहींत. १५७३ सालीं त्यांचा भागवतावरील ग्रंथ पूर्ण झाला; १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

परंतु खेडोपाडीं ते पोहोंचले भारुडांनीं. वासुदेव, जोशी, गोंधळी हे तर लोकांच्या नित्य पाहण्यांतले. नाथांनीं त्यांचींच सोंगें घेऊन, हसवीत हसवीत नीति शिकविली. त्यांच्या भारुडांतील विंचू म्हणजे मनुष्यास डसणारे कामक्रोध!

त्याच सुमारास, १५८८ सालीं, दूर वेल्स देशांत विल्यम मॉर्गन यांचें वेल्श भाषेंतील संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालें. त्या चिमुकल्या देशाची भाषा ग्रंथ, गीतें व कथा यांच्या बळावर आजही जिवंत आहे.

१५९९ सालीं नाथांनीं देह ठेविला. भारुडें मात्र अद्याप रंगतात. मुलांनो, परभाषा अवश्य शिका; पण शाळेंत शिकलेलें रात्रीं आईस तिच्या भाषेंत सांगतां येत नसेल, तर तें ज्ञान अपुरेंच समजा.