कर्मवीर भाऊराव पाटील आणि एक चूल

संकट डोंगराएवढे दिसले म्हणजे त्यावरील उपायही तेवढाच प्रचंड असला पाहिजे, असा आपला समज असतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राने हा समज खोटा ठरविला आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. तेथे असता अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले. त्यामुळे त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. मॅट्रिकपर्यंतही त्यांचे शिक्षण झाले नाही.

त्या काळी खेड्यातील बहुजनसमाज निरक्षर होता. गावात शाळा नाही, शहरात राहावयास जागा नाही, गाठीस पैसा नाही आणि जातीजातींच्या पंक्ती वेगळ्या! एका सामान्य गृहस्थाने हा प्रश्न कसा सोडवावा? भाऊरावांनी ओळखले की, मुलास शाळेत आणावयाचे तर प्रथम त्याच्या निवाऱ्याची व भाकरीची सोय झाली पाहिजे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक आपणच करीत आणि श्रम करून शिकत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली. भूक, अज्ञान व जातिभेद या तिन्हींवर एका चुलीने उपाय केला.

उपाय सोपा होता. आचरण सोपे नव्हते. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. संस्थेच्या आज शेकडो शाळा आहेत.

आपल्या ईट परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि मुलांची शाळा सुटते. हजेरीपटावरील त्या रिकाम्या ओळी मी वर्षानुवर्षे पाहिल्या व प्रश्न आवाक्याबाहेरचा समजून स्वस्थ बसलो, याची खंत वाटते. हंगामापुरती एक खोली, एक चूल व जात न विचारता उघडणारे दार, एवढे आपल्या मंडळास खचित जड नाही. दार केवळ आपल्याच मुलांसाठी उघडले, तर मात्र भाऊरावांचे नाव घेण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही.