परफ्यूमवर नाव तिचं, पण वाटा फक्त १० टक्के !

२०१६ साली शनेल कंपनीने 'नंबर ५ लो' नावाचा परफ्यूम बाजारात आणला. 'लो' म्हणजे फ्रेंचमध्ये पाणी. नावाप्रमाणेच हा जुन्या 'शनेल नंबर ५'चा हलका अवतार.

उन्हाळ्यात अंगावरचं अत्तर भराभर उडतं. थंडीत छान वाटणारा दाट वास मे महिन्यात डोक्यात जातो तो यामुळेच. म्हणून ऑलिव्हिए पोल्ज यांनी लिंबू, संत्र्याचा ताजेपणा पुढे आणला आणि फुलांचा गाभा तसाच ठेवला.

बाटलीवर नाव मात्र तेच, शनेल. पण या परफ्यूमचा धंदा जिच्या नावावर उभा राहिला, त्या कोको शनेलच्या हाती १९२४ नंतर त्यातला फक्त १० टक्के वाटा उरला.

तिचं खरं नाव गॅब्रिएल. जन्म १८८३ चा, फ्रान्समधल्या सोम्यूर गावचा. बाप फिरता विक्रेता. ती ११ वर्षांची असताना आई वारली आणि बापाने मुलींना ओबाझिनच्या अनाथाश्रमात सोडलं. तिथल्या नन्सच्या देखरेखीखाली ती वाढली, शिवणकाम शिकली. पुढे मूलांमध्ये ती गाणी म्हणायची, तिथेच 'कोको' हे नाव पडलं. मग टोप्यांचं दुकान, मग कपडे, आणि बघता बघता ती पॅरिसच्या फॅशनची राणी झाली.

१९२० च्या सुमारास तिची गाठ एर्नेस्ट बो या अत्तर बनवणाऱ्याशी पडली. बायकांचे परफ्यूम तेव्हा बहुतेक एकाच फुलाचे असायचे. बो यांनी जाई, गुलाब अशा फुलांच्या अर्कात अल्डिहाइड नावाची रसायनं मिसळली. त्यामुळे वास एकदम स्वच्छ, चमकदार झाला आणि तो नेमका कुठल्या फुलाचा हे सांगता येईना. समोर ठेवलेल्या नमुन्यांतला पाचवा कोकोने निवडला. १९२१ मध्ये तो 'नंबर ५' याच नावाने आला.

मागणी इतकी वाढली की कारखाना हवा होता. १९२४ साली वेर्थायमर बंधूंसोबत नवी कंपनी निघाली. त्यांना ७० टक्के, ओळख करून देणाऱ्या तेओफिल बाडेर यांना २० टक्के आणि कोकोला १० टक्के. तिने सही केली आणि पुढची जवळपास २० वर्षं त्या सहीशी भांडण्यात घालवली.

यातूनच तिच्या आयुष्यातला सगळ्यात काळा अध्याय घडला.

१९४० मध्ये जर्मनीने पॅरिस घेतलं. वेर्थायमर ज्यू होते, ते अमेरिकेला निघून गेले. ज्यूंची मालमत्ता काढून घेणारे कायदे आले होते. त्यांचाच आधार घेत १९४१ मध्ये कोकोने कंपनीवर दावा ठोकला. त्या काळात तिचे एका जर्मन अधिकाऱ्याशी संबंध होते, आणि जर्मन गुप्तहेर खात्याच्या कागदपत्रांतही तिचं नाव आहे.

पण वेर्थायमर एक पाऊल पुढे होते. निघण्यापूर्वीच त्यांनी कंपनी फेलिक्स आमियो या ख्रिश्चन उद्योजकाच्या नावावर केली होती. दावा फसला. युद्ध संपल्यावर आमियोने कंपनी परत दिली.

१९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर कोकोची चौकशी झाली, पण काही तासांतच ती सुटली आणि स्वित्झर्लंडला गेली.

खरं आश्चर्य पुढे आहे. जिने कंपनी बळकावायचा प्रयत्न केला, तिच्याशीच पिअर वेर्थायमर यांनी १९४७ मध्ये तडजोड केली. जगभरातल्या परफ्यूम विक्रीवर तिला २ टक्के मिळू लागले आणि ती गडगंज झाली. १९५४ मध्ये वयाच्या ७० व्या वर्षी तिने फॅशनमध्ये पुनरागमन केलं, तेव्हा पैसा वेर्थायमर यांनीच लावला. तिचं नाव चाललं तर परफ्यूम चालेल, हा साधा हिशोब.

१० जानेवारी १९७१ ला पॅरिसच्या रिट्झ हॉटेलमध्ये ती वारली. कंपनी आजही वेर्थायमर घराण्याकडेच आहे.

उन्हाळ्यासाठी नंबर ५ चा वास हलका करता आला. कोकोने १९४१ मध्ये केलेला तो दावा मात्र तिच्या नावावरून आजही पुसला गेलेला नाही.