वेकोलि ज्याच्यामुळे आली, तो मंत्री महिनाभरात गेला

वणी, माजरी, घुग्घुस भागात वेकोलि म्हटलं की लहान पोरालाही कळतं. पण या खाणी सरकारच्या कुणी केल्या, हे विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही. तो माणूस म्हणजे मोहन कुमारमंगलम.

जन्म १ नोव्हेंबर १९१६, लंडनचा. घराणं तामिळनाडूतलं. वडील पी. सुब्बरायन मोठे जमीनदार, मद्रास प्रांताचा कारभार सांभाळलेले. एक भाऊ पुढे देशाचा लष्करप्रमुख झाला. मोहन विलायतेत केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले आणि परत येऊन थेट कम्युनिस्ट पक्षात गेले. जमीनदाराचं पोर अन् हातात लाल झेंडा! इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. पुढे ते काँग्रेसमध्ये आले, १९७१ ला पाँडिचेरीतून खासदार झाले. इंदिरा गांधींनी पोलाद आणि खाण खातं दिलं.

तेव्हा बहुतेक खाणी खासगी मालकांच्या. कोळसा काढल्यावर आतल्या पोकळीत वाळू भरावी लागते, नाहीतर वरची जमीन बसते. खर्च वाचवायला कितीतरी मालक ती भरत नसत. सोपा, चांगला कोळसा ओरबाडायचा आणि बाकीचा तसाच सोडायचा. झरियात तर १९१६ पासून जमिनीखाली आग धुमसते आहे. मजुरांचे हालही तसेच. ठरलेली मजुरी पूर्ण मिळायची नाही, भविष्य निर्वाह निधीचे पैसे थकलेले.

कुमारमंगलम यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये पोलादाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या खाणी ताब्यात घेतल्या. जानेवारी १९७३ अखेर उरलेल्या घेतल्या. त्यात आपल्याकडच्याही आल्या. मजुराला सरकारी नोकरी, पक्का पगार मिळाला. हे काम मोठंच.

पण जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचं काय, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. जमीन जायची ती १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्यानं, आजही सातबारा त्याच कायद्यानं जातो. अर्थात सगळा दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. तेव्हा बहुतेक खाणी भुयारी होत्या. गावंच्या गावं उठवणाऱ्या खुल्या खाणी वाढल्या त्या नंतर.

१ मे १९७३ ला खाणी कायद्यानं सरकारच्या झाल्या. ३१ मे च्या रात्री मद्रासहून दिल्लीला जाणारं विमान पालमजवळ कोसळलं. ६५ पैकी ४८ जण गेले, त्यात कुमारमंगलम होते. वय ५६.

कोल इंडिया उभी राहिली नोव्हेंबर १९७५ मध्ये, आपली नागपूरची वेकोलि तिच्याच पोटातली. सुरुवातीला कोल इंडियाचं वर्षाचं उत्पादन ७ कोटी ९० लाख टन होतं, २०२३-२४ मध्ये ते ७७ कोटींच्या वर गेलं. कुमारमंगलम यांचा तो कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. आता लिलावात खासगी कंपन्या पुन्हा खाणी घेऊ लागल्या आहेत.