एडगर कॉड: टेबलांची कल्पना त्यांची, धंदा आधी दुसऱ्यांचा

समजा, मंगरूळपीरच्या बाजार समितीत एका वहीत शेतकऱ्यांची नावं-गावं आहेत, दुसरीत कुणी किती सोयाबीन विकलं ते. कोणत्या गावातून किती माल आला? दोन्ही वह्या शेतकऱ्याच्या नंबरावर जुळवाव्या लागतील. कॉम्प्युटरवर हे एसक्यूएलच्या दोन-चार ओळींत होतं. एसक्यूएल कॉड यांनी बनवलं नाही, पण ते ज्या कल्पनेवर उभं आहे ती त्यांची.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधला. दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवली, ऑक्सफर्डला गणित शिकले, मग आयबीएममध्ये लागले. तेव्हा डेटा झाडाच्या फांद्यांसारखा साठवायचे. कोणत्या फांदीवरून जायचं हे प्रोग्रामरनंच लिहायचं. रचना बदलली की प्रोग्राम पुन्हा लिहा! १९७० च्या शोधनिबंधात कॉड यांनी मांडलं, की डेटा साध्या टेबलांत ठेवा. काय हवं ते माणसानं सांगावं, कसं शोधायचं ते मशीननं बघावं.

पण आयबीएमचा जुना आयएमएस जोरात चालला होता. स्वतःच्याच मालाला स्पर्धक कोण उभा करेल? कंपनी रेंगाळली. निबंध मात्र सगळ्यांना वाचायला खुला होता. लॅरी एलिसन यांच्या कंपनीनं, म्हणजे आजच्या ओरॅकलनं, १९७९ मध्येच आपला डेटाबेस विकायला काढला.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांनी ओलॅप हा शब्द रूढ केला: विक्रीचे तेच आकडे कधी गावानुसार, कधी महिन्यानुसार फिरवून पाहायचे. तो निबंध एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पैशांवर लिहिलेला निघाला आणि टीका झाली, ती रास्तच होती. २००३ मध्ये फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.