मेरी स्टोप्स : दिव्याखालचा अंधार

१७ मार्च १९२१ रोजी उत्तर लंडनमधील हॉलोवे या कामगार वस्तीत ‘मदर्स क्लिनिक’ सुरू झाले. संततिनियमनाचा सल्ला तिथे विनामूल्य मिळत असे. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनीही असेच केंद्र सुरू केले. लंडनचे केंद्र काढणाऱ्या मेरी स्टोप्स मात्र वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या.

१५ ऑक्टोबर १८८० रोजी एडिंबरा येथे त्यांचा जन्म झाला. १९०४ मध्ये म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या मँचेस्टर विद्यापीठात शिकवू लागल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला विज्ञान अध्यापक. जीवाश्म वनस्पतींच्या शोधात त्या जपानलाही जाऊन आल्या. दगडी कोळशाच्या घटकांना १९१९ मध्ये त्यांनी दिलेली नावे भूशास्त्रज्ञ आजही वापरतात.

पहिला विवाह अयशस्वी ठरला आणि न्यायालयाने तो रद्दबातल केला. उच्चशिक्षित असूनही आपल्याला शरीराविषयी किती कमी माहिती होती, हे त्या अनुभवातून त्यांना उमगले. मग ग्रंथालयात बसून त्यांनी या विषयाचा अभ्यास केला. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मॅरीड लव्ह’ या पुस्तकाने खळबळ उडवली. देशभरातून स्त्री-पुरुषांची हजारो पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली.

त्यांच्या केंद्रात सुईणीचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका काम पाहत. गर्भाशयमुखावरची रबरी टोपी स्वतःच्या हाताने कशी बसवायची, हे त्या बायकांना शिकवत. आपल्या शरीराला हात लावायलाही लाजणाऱ्या स्त्रियांसाठी ही मोठीच गोष्ट होती. स्टोप्स यांची सगळीच मते मात्र स्वीकारण्याजोगी नव्हती. ‘अयोग्य’ लोकांना मुले होऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यावर आज रास्त टीका होते.

१९५७ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तोवर आजार बराच पुढे गेला होता. २ ऑक्टोबर १९५८ रोजी, ७८वा वाढदिवस तेरा दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. स्त्रियांना शरीराची ओळख करून देण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्याच आजाराला उशिरा वाचा फुटली.

हा दिव्याखालचा अंधार आजही दिसतो. परिचारिका आणि डॉक्टरांच्या अनेक देशांतील पाहण्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. स्तनाची स्वतपासणी माहीत असलेल्या बऱ्याच असतात, ती नियमित करणाऱ्या त्यामानाने कमी. रुग्णाला सांगणे जमते, स्वतःसाठी मात्र वेळ निघत नाही. कधी भीतीही आड येते.

या तपासणीच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या जणींना स्वतपासणी शिकवली, तरी त्यांच्यातील मृत्यू घटले नाहीत. म्हणून ठरावीक तारखेच्या स्वतपासणीचा आग्रह आता अनेक तज्ज्ञ धरत नाहीत आणि ती मॅमोग्राफीला पर्यायही नाही. पण आपले स्तन एरवी कसे दिसतात, हाताला कसे लागतात, हे प्रत्येकीला ठाऊक असावे. नवी गाठ, त्वचेवर खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून रक्तस्राव दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे. आणि गाठ स्वतः डॉक्टर असलेल्या स्त्रीला आढळली, तर तिनेही दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला हवे.