शिरोडकरांचा टाका

तीन-तीनदा दिवस जातात, पण पाचव्या महिन्यात पोट रिकामं. ‘हिच्या नशिबातच नाही’ म्हणून घरचे मोकळे! अशा कितीतरी जणींची ओटी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांमुळे भरली.

जन्म १८९९चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच प्राध्यापक झाले. काहींचा दोष नशिबात नसून गर्भाशयाच्या सैल तोंडात असतो, हे ओळखून त्यांनी ते मांडीतल्या पातळ पट्टीने बांधलं. १९५५ साली ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. बंद गर्भनलिकांवरही ते शस्त्रक्रिया करत. १९७१ साली ते गेले, टाका त्यांच्या नावाने जगभर राहिला.

मैत्रिणींनो, गोंदिया असो की देवरी, सुनेला बोल लावण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या. प्रत्येकीला टाका लागतोच असं नाही. आणि दिवसच राहत नसतील, तर नवऱ्याचीही तपासणी कराच!