नेट बंद पडलं की आठवते ती 'पिंग' कमांड कोणी लिहिली?

विरार पश्चिमेच्या बोळिंजमध्ये असो की आणखी कुठे, घरचं नेट बंद पडलं की दुरुस्तीला आलेला माणूस लॅपटॉपवर हमखास एक कमांड चालवतो, पिंग. समोरच्या मशीनकडून उत्तर आलं तर लाइन चालू, नाही आलं तर कुठेतरी गडबड. ही कमांड लिहिली माइक म्यूस यांनी.

म्यूस यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९५८ चा, अमेरिकेतल्या आयोवा सिटीचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून ते मेरीलँडमध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करू लागले.

जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीदरम्यान डेव्ह मिल्स या शास्त्रज्ञांनी त्यांना एक युक्ती सांगितली. दुसऱ्या मशीनला छोटा संदेश पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेचं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा म्यूस यांना हे आठवलं. त्यांनी एका संध्याकाळी सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम लिहून काढला. पाणबुडीच्या सोनारचा आवाज म्हणून नाव दिलं पिंग.

पण प्रोग्राम चालेना. असे संदेश थेट पाठवायची सोय कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच नव्हती. म्यूस यांनी रातोरात कर्नलमध्येही बदल केला. गंमत म्हणजे, पहिलं पिंग जाण्याआधीच एका सहकाऱ्याने बिघाड दुरुस्त केला होता! पुढे बर्कले युनिक्सने पिंग आणि तो बदल, दोन्ही स्वीकारलं.

इथेच एक जुना पेच आहे. बिघाड शोधायचा तर कर्नलपर्यंत पोहोचावं लागतं. पण तेच दार हल्लेखोरालाही उपयोगी पडतं. त्यामुळे पिंग वर्षानुवर्षं प्रशासकाच्या अधिकाराने चालायचं, आणि त्यात चूक सापडली की धोका मोठा. २०२२ मध्ये फ्रीबीएसडीच्या पिंगमध्ये अशी चूक सापडली होती.

बर्कलेच्या जुन्या पिंगमध्ये '-डी' हा पर्यायही होता. तो दिला की कर्नलला त्या जोडणीची डीबगिंग नोंद ठेवायची सूचना जायची. आज लिनक्समध्ये हा पर्याय स्वीकारला जातो, पण कर्नल त्याचा जवळपास उपयोगच करत नाही.

मग काढून का टाकू नये? काढला तर कोड कमी होतो, अधिकार कमी लागतात आणि न चालणाऱ्या सोयीवर कुणी विसंबत नाही. पण तो पर्याय वापरणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट अडतात. आणि जिथे ही सोय खरोखर चालते तिथे ऐन बिघाडात गाभ्यात डोकावायची एक खिडकी बंद होते. मग टीसीपीडम्पसारखं वेगळं साधन लागतं. पण ते दिसणारे पॅकेट दाखवतं, कर्नलच्या आतला निर्णय नाही.

२० नोव्हेंबर २००० रोजी रस्ता अपघातात म्यूस यांचं निधन झालं. वय फक्त ४२. २०११ पासून लिनक्समध्ये प्रशासकाच्या अधिकाराशिवायही पिंग चालवायची सोय आहे. म्हणजे म्यूस यांनी उघडलेलं दार बंद न करता, फक्त लहान करण्यात आलं.